सैनिकाची साक्ष ऐकताना

आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांत विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' कुणी ना कुणी वाचलेले असतेच. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला. महूजवळ भेटलेल्या शिपायांकडून त्याला पुढच्या वादळाची कुणकुण लागली. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौज झाशीत शिरली, तेव्हा तो शहरात जीव मुठीत धरून लपला होता. तिथली कत्तल, घरोघरची लूट, आधी सोनेनाणे आणि मग भांडीकुंडी व धान्यसुद्धा, हे सारे आपण त्याच्याकडून ऐकले आणि विनातक्रार खरे मानले. का मानले? तो आपला म्हणून, की तपासून पाहिले म्हणून?

हा प्रश्न मला एका रुग्णाने घातला. निवृत्त कर्नल, महूला स्थायिक झालेले, १९७१ च्या युद्धात पश्चिम सीमेवर लढलेले. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा विषय निघाला होता. १९७१ च्या जानेवारीअखेर डेट्रॉइट शहरात शंभरावर माजी सैनिक तीन दिवस जमले आणि आम्ही व आमच्या सोबत्यांनी निःशस्त्र गावकऱ्यांना मारले, कैद्यांचे हाल केले, घरे जाळली, असे त्यांनी जाहीर सांगितले. कर्नलसाहेब म्हणाले, "डॉक्टर, युद्धाच्या विरोधात गेलेला सैनिक साक्षीदार राहत नाही, तो वकील होतो."

त्यांचे आक्षेप मी उडवून लावणार नाही. सभेत सांगितलेली गोष्ट टाळ्यांबरोबर वाढते. दुसऱ्या तुकडीत घडलेले, कानावर आलेले, हळूहळू 'मी पाहिले' होते. त्या सैनिकांपैकी अनेकांनी नंतर लष्करी तपासनिसांना जबाब द्यायला नकार दिला, हेही खरे. (नकाराचे त्यांचे कारण असे की शिक्षा खालच्या शिपायाला होते, हुकूम देणारा सुटतो.) आणि ज्याने रात्रभर खंदकात बसून गोळीबार सोसला आहे, त्याला आपल्या गणवेशावरचा डाग सहन होत नाही, हे कुणालाही समजावे.

पण मी चाळीस वर्षे केस लिहून घेतो आहे. हानेमान यांच्या 'ऑर्गेनॉन'मध्ये परिच्छेद ९६ आणि ९७ लागोपाठ आहेत. पहिल्यात म्हटले आहे की काही रोगी वैद्याचे लक्ष वेधावे म्हणून दुखणे फुगवून सांगतात. फुगवतात, पण मुळात काहीच नसताना नुसते रचून सांगत नाहीत, असेही तिथे सुचवले आहे. दुसऱ्यात उलट रोगी आहेत. ते आळसाने किंवा लाजेने निम्मे गाळतात आणि 'तसे विशेष काही नाही' म्हणतात. कर्नलसाहेबांनी पहिला परिच्छेद पाठ केला होता. दुसरा त्यांनी स्वतःला आणि आपल्या सोबत्यांना कधी लावलाच नव्हता. माझ्या अनुभवात फुगवणाऱ्यापेक्षा गाळणाऱ्याची केस अवघड जाते, कारण गाळलेले कागदावर येतच नाही.

डेट्रॉइटच्या सैनिकांचे पुढे काय झाले? त्याच वर्षांत अमेरिकन लष्कर आतल्या आत तक्रारींच्या फायली जमवत होते. त्या पुढे खुल्या झाल्या आणि २००६ मध्ये पत्रकारांनी त्या वाचून मांडल्या. माय लाय सोडून ३२० घटनांना लष्कराच्याच तपासनिसांनी दुजोरा दिलेला निघाला. म्हणून डेट्रॉइटचा प्रत्येक शब्द खरा ठरत नाही. मात्र 'आमच्या फौजेत असे होतच नाही' हे म्हणणे टिकत नाही.

आता हीच कसोटी गोडसेभटजींना लावू. त्यांनी लिहिले ते घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापले, तेही हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणला. शिवाय राणीच्या ग्वाल्हेरच्या अखेरच्या लढाईचा भाग ऐकीव आहे, भटजी तिथे नव्हते. तेवढे बाजूला काढा. झाशीत डोळ्यांनी पाहिलेले उरते, आणि त्याला पुरावा विरुद्ध बाजूने मिळतो. ह्यू रोजच्या फौजेची एक ब्रिगेड आपल्या महूहूनच निघाली होती. त्या मोहिमेतला एक लष्करी डॉक्टर, थॉमस लो, याने १८६० मध्येच पुस्तक छापले. तो युद्धविरोधी मुळीच नव्हता. झाशीत दयामाया दाखवायची नव्हती, हे तो अभिमानाने लिहितो. एकाने लपून पाहिले, दुसऱ्याने विजेत्याच्या छावणीतून. कत्तल दोघांच्याही लेखी आहे.

इथवर आपल्याला सोपे आहे, कारण आरोपी गोरा आहे. म्हणून जाफन्याकडे वळतो. आपली शांतिसेना श्रीलंकेत १९८७ ते १९९० होती, तिथे आपले हजाराहून अधिक जवान कामी आले. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. निःशस्त्रांवर गोळ्या झाडल्या, असे वाचलेले लोक सांगतात. आतून आमच्यावर गोळीबार होत होता, असे सैन्याच्या बाजूने सांगितले जाते. तिथल्या विद्यापीठातील चौघा प्राध्यापकांनी 'द ब्रोकन पाल्मायरा' या पुस्तकात त्या काळच्या साक्षी नोंदवल्या. त्यांतल्या एक, शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक रजनी तिरणगमा, यांनी तमिळ वाघांच्या अत्याचारांवरही तितकेच स्पष्ट लिहिले. सप्टेंबर १९८९ मध्ये त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. आपल्याच बाजूविरुद्ध बोलणाऱ्याची साक्ष मला जड वाटते. झाशीच्या भटजींना मानणारे आपण इथे मात्र चटकन कर्नलसाहेबांच्या खुर्चीत जाऊन बसतो.

आमच्या जैन परंपरेत 'मिच्छामि दुक्कडम्' वर्षातून एकदा सगळ्यांना म्हणता येते, त्यात काय केले ते सांगावे लागत नाही. आलोचना वेगळी. तिथे गुरूसमोर दोष जसा घडला तसा सांगावा लागतो. सैन्याच्या सन्मानाची भाषणे पहिल्या जातीची असतात.

महूत आणि इंदूरच्या वसाहतींत शांतिसेनेतून परतलेले सुभेदार, हवालदार आहेत. त्यांतले बरेच साठी ओलांडून गेले. आपल्या संस्थेने त्यांच्याकडे जावे, असे मला वाटते. तुकडी, तारीख, ठिकाण आधी विचारावे, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळ्या रकान्यांत लिहावे; ही अट कर्नलसाहेबांची, आणि ती रास्त आहे. माझी एकच अट: मधे बोलू नये. दवाखान्यातला माझा अनुभव असा की रोगी खरे दुखणे बहुधा तिसऱ्या भेटीला, उठून दाराशी गेल्यावर सांगतो.