चांगला रिपोर्ट आणि सोडलेली गोळी



वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडींत माझे एक वृद्ध स्नेही राहतात. विनोबांचें वास्तव्य ज्या गांवीं होतें तेंच हें गांव. कांहीं वर्षांपूर्वीं या गृहस्थांस हृदयविकाराचा झटका आला, आणि तेव्हांपासून इतर औषधांबरोबर रोज एक स्टॅटिनची गोळी त्यांच्यामागें लागली. परवां मीं सहज चौकशी केली, तों ते म्हणाले, "कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट उत्तम आला, म्हणून ती गोळी सोडली. घरांत घाणीचें तेल आहे. आतां गोळी कशाला?" आजचें भाषण त्या उत्तरामुळेंच सुचलें.

घाणीच्या तेलाचा वर्धेकरांस अभिमान असणें साहजिक आहे. १९३४ सालीं येथें ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व मगनवाडीची घाणी दूरवर ठाऊक झाली. परंतु तिळाचें असो वा शेंगदाण्याचें, घाणीचें असो वा गिरणीचें, तेलांत कोलेस्टेरॉल मुळींच नसतें. रक्तांतील बहुतेक कोलेस्टेरॉल आपलें शरीरच तयार करतें, व त्यांत यकृताचा वाटा मोठा. स्टॅटिन यकृतांतील हें काम मंदावतें. मग यकृत आपली गरज भागविण्यासाठीं रक्तांतून अधिक कोलेस्टेरॉल ओढून घेतें. गोळी थांबली कीं कांहीं आठवड्यांत सर्व पूर्ववत् होतें. रिपोर्ट चांगला आला तो गोळी चालू होती म्हणून, हें माझ्या स्नेह्यांच्या ध्यानीं आलें नव्हतें.

या औषधाचा शोध मोठा गमतीचा आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनीं हजारों बुरश्या तपासल्या, आणि १९७३ सालीं क्योटोच्या एका धान्याच्या दुकानांतील तांदळावरच्या बुरशींत त्यांस पहिलें स्टॅटिन सांपडलें. पुढें स्कँडिनेव्हियांत ४,४४४ हृदयरोग्यांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९४ सालीं प्रसिद्ध झाले. पांच वर्षांहून किंचित् अधिक काळांत, पोकळ गोळी घेणारांपैकीं शेंकडा १२ दगावले, औषध घेणारांपैकीं ८.

आतां भीतीविषयीं. या गोळीनें अंग दुखतें अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. लंडनमध्यें, त्रासामुळें गोळी सोडलेल्या साठ जणांस कांहीं महिने स्टॅटिन, कांहीं महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी व कांहीं महिने कांहींच नाहीं, असें आळीपाळीनें ठेवलें. २०२० सालीं निष्कर्ष आला कीं स्टॅटिननें होणाऱ्या त्रासापैकीं शेंकडा नव्वद त्रास पोकळ गोळीनेंही झाला! दुखणें खोटें नव्हतें; कारण मात्र बहुधा निराळें होतें.

तरीही स्नायूंस खरी इजा क्वचित् होते. स्नायू अतिशय दुखूं लागले, हातापायांतलें बळ गेलें, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. आपल्याकडे नायट्यासाठीं इट्राकोनाझोल सर्रास घेतात. तें, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, कांहीं स्टॅटिनबरोबर घेतल्यास रक्तांत स्टॅटिन धोकादायक प्रमाणांत सांचतें. म्हणून नवें औषध घेतांना जुनी चिठ्ठी दाखवावी. यकृताची तपासणी आरंभींच करून घ्यावी, रक्तांतील साखरेवरही लक्ष असावें. गरोदर स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून हें औषध घेऊं नये. "नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल तांदळाच्या किण्वित भुकटींतही स्टॅटिनच असतें, आणि तें किती आहे हें पुडीवरून कळेलच असें नाहीं.

माझे स्नेही परवां सेवाग्रामच्या रुग्णालयांत जाऊन आले. गोळी पुन्हां सुरू झाली आहे. तेल मात्र त्यांनीं घाणीचेंच ठेवलें. डॉक्टरांची त्यास हरकत नव्हती, फक्त तें बेताचें वापरा, एवढेंच ते म्हणाले.