खेळ संपल्यावर खरं बोलूया

कुणी भाकऱ्या आटोपून रेडिओपाशी बसली असाल, कुणी शेंगा फोडता फोडता ऐकत असाल. हात चालू राहू देत, कान फक्त माझ्याकडे द्या.

आज मी खेळांबद्दल बोलणार आहे. फुगडी, झिम्मा, सागरगोटे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले येतात, त्यामुळे ते नाहीत. मी बोलणार आहे व्हिडिओ गेमबद्दल. मुलांच्या हातातून मोबाईल काढून घेताना आपण ज्यांच्या नावाने ओरडतो, ते खेळ. तुम्ही म्हणाल, या बाईला दुसरं काही काम नाही का? काम आहे हो. मी लालबागला चाळीत राहते आणि दादरला एका साड्यांच्या दुकानात कामाला जाते. सासरे गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, आम्ही तिथेच राहिलो. सासर मूळचं सातारा जिल्ह्यातलं, म्हणजे मी तुमच्यातलीच.

दुकानात आम्ही पाच जणी आहोत. एक गिरगावची, दोघी परळच्या, एक दादरची आणि मी. आमचं काम काय, तर गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पदर टाकायचा आणि म्हणायचं, “ताई, काय खुलून दिसतोय हा रंग!” दिवसभर हेच. साडी कशीही असो, आमच्या तोंडी ‘छान’. पोटासाठी करावं लागतं. पण सवय अशी लागते की घरी आल्यावरही तोंडातून ‘छान’च निघतं. वहिनीने केलेली भाजी छान, नणंदेने घेतलेला फ्रिज छान, सुनेचं माहेर छान. मनात काय आहे ते मनातच.

दादरची दुकानं सोमवारी बंद असतात. गिरगावच्या मैत्रिणीच्या मुलाने लॅमिंग्टन रोडवरून जुने भाग जमवून संगणक बनवलाय. तो कॉलेजला गेला की दुपारी संगणक रिकामा. मग सोमवारचे दोन तास आम्ही तिथे जमतो आणि एखादा खेळ खेळतो. एकजण माउस धरते, बाकीच्या बघतात, सूचना करतात, आरडाओरडा करतात. मंगळागौरीला कसं, दोघी पिंगा घालतात आणि बाकीच्या गोल करून हसतात, तसंच. आणि खेळ संपला की चहा टाकायचा आणि प्रत्येकीने त्याबद्दल खरं मत सांगायचं. तिथे नुसतं ‘छान’ म्हणायला बंदी. छान म्हटलं की पुढे ‘का’ ते सांगायचं.

यात एक नियम आम्ही साडीवरूनच घेतला. साडी दुकानात बघून तिचं मत देता येत नाही. घडी मोडली, दिवसभर नेसली, एक धुणं झालं, की मग रंग जातो की राहतो, काठ आटतो की नाही, ते कळतं. खेळाचंही तसंच. जाहिरातीत सगळे खेळ देखणे असतात. दुरून डोंगर साजरे. म्हणून शेवटपर्यंत खेळायचं आणि मग बोलायचं. मध्येच सोडला तर कुठे सोडला आणि का सोडला, हे सांगायचं. तेही खरंच मत असतं.

गेल्या काही महिन्यांत आम्ही तीन खेळ संपवले. त्यांची मतं तुम्हाला सांगते.

पहिला ‘राजी’. हा आपल्या पुण्यात बनलेला खेळ आहे. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या मंडळींनी तो २०२० साली आणला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोर. राक्षस येतात आणि तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. देवी दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती भावाला शोधायला निघते. वाडे, किल्ले, वाळवंट, सगळं आपल्या देशातलं. मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितली आहे. राजी खांबाला गिरकी घेऊन राक्षसाला लाथ मारते, तेव्हा आमची दादरची मैत्रीण उठून उभी राहिली. तिची मुलगी शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकते. म्हणाली, “अगं, ही तर आपली पोरगी!”

आता खरं मत. रूप फार सुंदर. पोरगी लढते, कुणी राजपुत्र तिला वाचवायला येत नाही, हे आम्हाला आवडलं. पण मारामारी फार आणि तीच तीच. माउस आणि बटणं एकदम सांभाळताना आमच्या बोटांची तारांबळ उडाली. परळची एकजण म्हणाली, “मला दर वेळी मरून मरून कंटाळा आला, मी असते तर कधीच सोडला असता.” आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे शेवट. मोठ्या राक्षसाशी गाठ पडते आणि मग गोष्ट अर्ध्यावरच तुटते. पुढे काय झालं? कळत नाही. कीर्तनकार ऐन आख्यानात टाळ खाली ठेवून निघून जावा, तसं झालं. पुण्याचा खेळ आहे म्हणून आम्ही हे झाकून ठेवलं नाही. आपल्या माणसाचं चुकलं तर आपणच सांगायचं, तरच पुढचा खेळ चांगला होतो.

दुसरा ‘वेंबा’. हा कॅनडातल्या मंडळींनी २०२३ साली आणला. वेंबा नावाची तमिळ बाई नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली आहे. तिला मुलगा होतो, कविन. आईने दिलेली पाककृतींची वही तिच्याजवळ आहे, पण ती फाटलेली, डाग पडलेली. अर्धी अक्षरं दिसत नाहीत. जे दिसत नाही ते आपण ओळखायचं आणि पदार्थ करायचा, हाच खेळ. पहिलाच पदार्थ इडली. इडलीपात्राच्या ताटल्या एकमेकींवर कशा ठेवायच्या, की वाफ सगळीकडे जाईल, हे कोडं आहे. मैत्रिणीचा मुलगा म्हणे त्यात दोनदा चुकला. आम्ही पहिल्याच फटक्यात सोडवलं. दादरला लागूनच माटुंगा, तिथे तमिळ लोकांची जुनी वस्ती, इडलीपात्र आमच्या घरात कधीच आलेलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की संगणकाचं काहीतरी मुलांना येईना आणि आयांना आलं.

पण खेळ इडलीवर थांबत नाही. कविन मोठा होतो, त्याला आईच्या डब्याची लाज वाटायला लागते. घरात तमिळ बोललेलं नको असतं. इथे आम्ही गप्प झालो. कॅनडाला कशाला जायला हवं? आमच्या चाळीत गावाकडची भाषा बोलणाऱ्या आजीला नातू सांगतात, “मित्र आलेत, तू आत जा.” तुमच्याकडेही शहरातून सुट्टीला आलेली नातवंडं कधी असं बोलत असतील.

खरं मत असं की खेळ छोटा आहे. दीड-दोन तासांत संपला. एवढ्या वेळासाठी तो महाग वाटला, मुलाने सवलतीत घेतला म्हणून परवडला. पदार्थही मोजकेच आहेत. गिरगावची मैत्रीण म्हणाली, “यात आईनेच फार सोसलंय. मुलगा आधी दुखावतो, मग त्याला उमगतं, पण तोवर तिचं वय गेलं. मला हे पटलं नाही.” मी म्हटलं, मला पटलं, कारण असंच होतं. आमचं त्यावर एकमत झालं नाही. चहा गार झाला, पण कुणी कुणाची समजूत घातली नाही. एकमत व्हायलाच पाहिजे असं कुठे आहे?

तिसरा ‘अनपॅकिंग’, म्हणजे सामान सोडणं. ऑस्ट्रेलियातला, २०२१ सालचा. यात लढाई नाही, पळापळ नाही, बोलणंही जवळजवळ नाही. एक मुलगी घर बदलते. आपण खोक्यांतलं सामान काढायचं आणि जागेवर लावायचं. बस्स. कपडे कपाटात, भांडी ओट्यावर, पुस्तकं फळीवर. १९९७ मध्ये तिची लहानपणची खोली, मग २०१८ पर्यंत एकामागून एक घरं. मी नाक मुरडलं होतं. म्हटलं, दिवसभर साड्यांच्या घड्या घालून सोमवारी परत घड्याच घालायच्या?

मग २०१० सालचं घर आलं. ती मित्राच्या घरी राहायला जाते. घर त्याच्या सामानाने आधीच भरलेलं. तिच्या वस्तूंना जागाच मिळेना. तिचं पदवीचं सर्टिफिकेट आहे, चौकटीत बसवलेलं. भिंतीवर लावून बघितलं, जागा नाही. टेबलावर नाही, कपाटावर नाही. जिथे ठेवू तिथे खेळ म्हणतो, चूक. शेवटी एकच जागा मान्य होते. पलंगाखाली.

परळच्या दोघींतली जी फारशी बोलत नाही, ती त्या दिवशी बोलली. म्हणाली, “माझं बी.ए.चं सर्टिफिकेट सासूबाईंच्या ट्रंकेत आहे. गोधड्यांच्या खाली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, कुणी मला काढ म्हटलं नाही आणि मीही मागितलं नाही.” कुणी ‘असू दे गं’ म्हटलं नाही. पुढच्या सोमवारी ती ते घेऊन आली. कडा पिवळ्या पडल्या होत्या. परळच्या दुकानातून तिने चौकट करून घेतली आणि भिंतीवर लावलं. घरात थोडी कुरबुर झाली, ती होऊ दिली.

त्या खेळातली मुलगीही पुढे त्या घरातून बाहेर पडते. आमचं मत असं, की तिन्हींत हा सगळ्यात चांगला. खटकलं ते एवढंच, की काही वस्तू आपल्या ओळखीच्या नाहीत. त्या कुठे ठेवायच्या ते कळेना आणि खेळ लाल रेघ दाखवत राहिला. सेटिंगमध्ये जाऊन कुठेही ठेवायची मुभा घेता येते. आणि दादरची मैत्रीण शेवटपर्यंत म्हणत राहिली की हा कंटाळवाणा आहे. तेही आम्ही लिहून ठेवलं.

आता महत्त्वाचं. हे तिन्ही खेळ संपतात. पैसे एकदा द्यायचे, खेळायचं, आणि खेळ आपल्याला सोडून देतो. पण तुमच्या-आमच्या मोबाईलवर जे फुकट खेळ असतात, त्यांतले बरेच संपतच नाहीत. ‘कँडी क्रश’ घ्या, २०१२ पासून चालू आहे. पाच जीव मिळतात. ते संपले की एक जीव परत यायला अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे द्या. नवे टप्पे येतच राहतात. तो खेळ मी लोकलमध्ये खेळते, वेळ जातो, वाईट म्हणत नाही. पण त्याचं मत मला देता येत नाही, कारण त्याचं पहिलं धुणं कधी होतच नाही. जो खेळ संपत नाही, त्यात आपण किती वेळ घातला तेही कळत नाही.

आणि पैसे लावून खेळायच्या रमीसारख्या खेळांचं तर वेगळंच. आमच्या चाळीतल्या एका घरात पोराने त्यात आईच्या भिशीचे पैसे घालवले. आई विचारी तेव्हा तो म्हणे, “गेमच आहे, छान आहे.” खरं कुणीच बोललं नाही, म्हणून ते इतकं वाढलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. तरी कुणी लिंक पाठवून बोलावत असेल तर जाऊ नका, आणि ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. लाजून गप्प बसू नका.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाची महिन्याची बैठक असतेच. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, की पाच मिनिटं यासाठी काढा. संगणक नसला तरी चालेल. मुलाच्या नाहीतर मुलीच्या शेजारी बसा, ते जे खेळतात ते शेवटपर्यंत बघा आणि बैठकीत सांगा. चार गोष्टी सांगायच्या. हा खेळ संपतो का? त्यात वेळ किती गेला आणि पैसे किती? काय आवडलं आणि काय खटकलं? आणि दुसरीला खेळ म्हणून सांगाल का? मुलांना रागावण्याआधी हे चार प्रश्न त्यांनाही विचारा. पोरं खरं सांगतात, आपण नीट विचारलं तर.

खेळाबद्दल खरं बोलायला काही धोका नसतो. कुणाची सासू रुसत नाही, कुणाचं दुकान बंद पडत नाही. म्हणून सरावाला ही जागा चांगली आहे. ‘मला हे आवडलं नाही’ हे वाक्य एकदा तोंडात बसलं, की ते पुढे ग्रामसभेतही निघतं, बँकेच्या खिडकीशीही निघतं, आणि घरातही.

माझं हे बोलणं ऐकून तुमच्या कुणाच्या ट्रंकेत काही असेल, तर काढून बघा. आणि बोलणं आवडलं नसेल तर केंद्राला पत्र पाठवा. नुसतं ‘छान’ लिहू नका. का, ते लिहा.

नमस्कार.