परमुलखीचा साग आणि आपल्या हातचे काम
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



तालुका कचेरीत कागद सांभाळणाऱ्याने लाकडावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण मंडपाचे चार जुने खांब उतरवून पडवीत ठेविले आहेत. त्यांचे काय करावयाचे, हे अजून ठरलेले नाही. व्यापारी चांगली किंमत देतो, विकून टाकावेत, असे काहींचे म्हणणे आहे. म्हणून दोन शब्द बोलण्याची परवानगी घेतली.

हे खांब ब्रह्मदेशी सागाचे आहेत, असा जाणकार सुतारांचा निर्वाळा आहे. साग आपल्या शहापूर-मुरबाडच्या रानातही आहे. परंतु तिकडच्या जुन्या रानातला साग उंच, सरळ आणि कमी गाठींचा. त्यातून लांबलचक एकसंध तुळई निघे. म्हणून तो मौलमीन-रंगूनहून जहाजांनी मुंबईस येई. या धंद्यात १८६३ साली स्थापन झालेली बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी मोठी. ओंडक्यांच्या हिशेबावरून ब्रह्मी दरबाराने तिला जबर दंड केला, इंग्रजांनी तेच निमित्त धरले आणि १८८५ साली मंडाले घेतले. थिबा राजास १८८६ साली आपल्या कोकणात, रत्नागिरीस आणून ठेविले. तेथेच १९१६ साली त्याचा अंत झाला. या लाकडाचे मोल केवढे होते, हे यावरून ध्यानी यावे.

आता तो साग मिळणे दुरापास्त आहे. म्यानमार सरकारने १ एप्रिल २०१४ पासून न चिरलेले ओंडके परदेशी पाठविण्यास बंदी घातली. बाजारात घाना, इक्वेडोर अशा देशांतील लागवडीचा साग येतो. पण झाड कोवळेपणी तोडले की गाभा थोडा आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त. वाळवीला दाद देत नाही तो तेलकट गाभा. पांढऱ्या लाकडाला ती लागतेच.

मग आपल्याच रानातला साग तोडावा काय? १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे साग, आंबा, फणस, ऐन, खैर ही झाडे मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. हा विचार काही आजचा नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी सांगितले आहे. सागवान हुजुरांच्या परवानगीने तोडावे, अधिक लागेल ते परमुलखातून खरेदी करावे, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. मंडळी, आपल्या पूर्वजांनी परमुलखीचे लाकूड आणून ठेविलेच आहे. ते विकून नवे घेणे म्हणजे घरचे धान्य विकून बाजारातून पीठ आणण्यासारखे होईल.

माझी सूचना अशी. मंडप सिमेंटचा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. या खांबांतून गाभाऱ्याची चौकट, दोन दारे आणि पालखी करावी. लाकूड पुरते वाळलेले आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात नवे दार फुगते, तसे हे फारसे फुगणार नाही. काम गिरणीत न देता गावच्या सुतारांच्या हाती द्यावे. जुन्या लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात. ते हुडकून काढल्याशिवाय करवत लावू नये. सागात वाळूसारखा अंश असतो, त्याने पटाशीची धार लवकर जाते. तेव्हा मजुरी थोडी अधिक पडेल, ती कुरकुर न करता द्यावी. आधी लांब नग काढावेत, मग आखूड. उरल्या तुकड्यांचे पाट, चौरंग करावेत.

चौकटीचे पाय ओल्या सिमेंटात गाडू नयेत. खांबाखाली दगडी उथळे ठेवण्यात जुन्या लोकांचे शहाणपण होते. ओल लागली की सागही शेवटी कुजतो. आणि कृपा करून त्यावर चकचकीत रंग फासू नका. जवसाचे तेल पुसावे, लाकडाच्या रेषा दिसू द्याव्यात.

हे झाड वाढले ब्रह्मदेशात, घडले आपल्या सुतारांच्या हातून. आपल्या नातवंडांनी त्या दाराला हात लावून आत जावे, एवढीच इच्छा. समितीने सहानुभूतीने विचार करावा अशी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!