आईला कुठं ठेवायचं?



व्याख्यानमालेत या विषयाला गर्दी होणार नाही, अशी आयोजकांना धास्ती होती. मला नव्हती. साठीच्या पुढच्या साधारण 88 लाख भारतीयांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. म्हणजे शंभरातल्या सातांहून जास्त. तुमच्यातले काही जण आज घरी कुणाला तरी बसवून, घड्याळाकडे बघत इथं आले असतील.

अशा माणसाला कुठं ठेवायचं, हा निर्णय आपल्याकडे सहसा कुणी घेत नाही. तो अंगावर येतो. आई पहाटे कडी काढून निघून जाते आणि पोलीस चौकीतून फोन येतो. किंवा वडिलांचं सगळं करणारी आईच न्हाणीघरात पडते. मग दोन दिवसांत धावाधाव करून जिथं खाट मिळेल तिथं भरती. बहुतेक वृद्धाश्रम तर दारातच सांगतात, स्वतःचं स्वतः करणारे असतील तरच घेऊ. तेव्हा माझं आजचं सांगणं एवढंच की सुरुवात डे केअरनं करा, आणि गरज भासायच्या आधी करा.

‘आम्ही आईला घरीच ठेवलंय,’ असं मुलगा अभिमानानं सांगतो तेव्हा मी विचारते, रात्री कोण उठतं? उत्तर बहुतेक वेळा सून असतं, नाहीतर सत्तरीची बायको. कपडे बदलायचे, चादर बदलायची, ‘माझे पैसे तूच घेतलेस’ हा आरोप ऐकायचा आणि सकाळी डबे करायचे. परदेशातला भाऊ व्हिडिओ कॉलवर ‘आश्रमात नको हं’ म्हणतो, त्याचं मत जरूर ऐकावं. पण रात्री जो उठतो, त्याचं मत आधी. सांभाळणाऱ्याचा रक्तदाब वाढला, झोप उडाली, हात उगारला जायला लागला, की घरचा उपाय संपला असं समजा. आईचा आजार कुठल्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

डे केअरला लोक नाक मुरडतात. ‘म्हाताऱ्यांचं पाळणाघर’ म्हणतात. म्हणू देत. केरळमध्ये 1992 साली डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकारानं अल्झायमरग्रस्तांसाठीची संस्था उभी राहिली आणि कुन्नमकुळमसारख्या लहानशा गावात दिवसाचं केंद्र चाललं. पुढे राज्य सरकारही त्या कामात उतरलं. आपण महाराष्ट्रात पुण्या-मुंबईतल्या काही स्वयंसेवी संस्थांच्या पलीकडे फारसे गेलो नाही.

दिवसाच्या केंद्राचा फायदा दुहेरी आहे. सांभाळणाऱ्याला पाच-सहा तास मिळतात, हा उघड फायदा. दुसरा महत्त्वाचा. माणसाला थोडंफार उमगतंय, तोंडओळख होऊ शकते, अशा काळात त्याला घराबाहेरच्या हातांची सवय होते. पुढेमागे निवासी केंद्रात जायची वेळ आली, तर परका हात अंगाला लागताच तो किंचाळत नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस पाठवा, पण वार आणि वेळ बदलू नका. पहिले काही दिवस रडारड, हट्ट होणार. त्यावरून ‘आईला आवडलं नाही’ असा निकाल देऊ नका. खरी अडचण वाहनाची असते. केंद्र चांगलं, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास अडकलेला रुग्ण पोचेपर्यंत बिथरलेला असतो. त्यापेक्षा जवळचं, साधं केंद्र बरं.

निवासी केंद्र बघायला जाल तेव्हा सकाळी अकराला जाऊ नका. त्या वेळी सगळं झाडूनपुसून ठेवलेलं असतं. दिवेलागणीला जा. डिमेन्शियाच्या अनेक रुग्णांची घालमेल त्याच सुमारास वाढते. तिथली मावशी तेव्हा काय करते, ते बघा. ‘अस्तु’ हा 2013 सालचा चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. डॉ. मोहन आगाशे यांनी उभा केलेला, स्मृती हरवलेला संस्कृत पंडित हत्तीच्या मागे निघून जातो आणि माहुताची बायको त्याला लेकरासारखं सांभाळते. त्याची विद्वत्ता तिच्या गावीही नाही. पण ती त्याच्याशी वाद घालत नाही. मी मावशींमध्ये तेवढंच शोधते. ‘आजी, तुमचे यजमान जाऊन दहा वर्षं झाली’ असं रोज नव्यानं सुनावणारी बाई कितीही कामसू असली तरी मला नको.

रात्री दोन वाजता किती खाटांमागे किती माणसं जागी असतात, हे विचारा. हात बांधतात का, हे आडपडदा न ठेवता विचारा. झोपेच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून देतात, तेही. अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेणार की ‘घेऊन जा’ म्हणणार, हे करारात लिहून घ्या; डायपर, औषधं, वेगळा माणूस यांचा खर्च फीमध्ये धरलाय का, तेही. ‘पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका’ असं सांगणाऱ्या ठिकाणी मी माझं माणूस ठेवणार नाही.

आणि ‘मला घरी ने’ हे वाक्य ऐकून खचू नका. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर बसूनही रुग्ण तेच म्हणतात. त्यांच्या मनातलं घर बहुधा माहेरचं, लहानपणीचं असतं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते. लोक मुखत्यारपत्रावर विसंबून राहतात. पण करार कायद्यानुसार, ते देणाऱ्याची मनःस्थिती ठीक राहिली नाही की मुखत्यारी संपते. मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं. म्हणून निदान झाल्या झाल्या, आईला समजतंय तोवर, संयुक्त खातं, नामनिर्देशन, मृत्युपत्र उरकून घ्या. आणि तिला कुठं राहायला आवडेल, हे तिलाच विचारा. ते विचारायचं राहून जातं.

शेवटी एक मागणी. पुण्यासारख्या शहरात महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत. मी पाहिलेली बरीचशी भर दुपारी रिकामी होती. जागा आहे, छप्पर आहे, स्वच्छतागृह आहे. दोन प्रशिक्षित मावश्या आणि एक रिक्षा एवढी सोय झाली, तर आठवड्यातले तीन दिवस तिथं डिमेन्शियाचं केंद्र चालेल. तुमच्या नगरसेवकाला हे लेखी द्या. अर्जाचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे, जाताना घेऊन जा.