मारुती ८०० : एका मोटारीचा हिशेब



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. म्हणून विषयही मी तसाच घेतला आहे. ज्या मोटारीने आपल्याकडील शिक्षकाला, कारकुनाला, लहान व्यापाऱ्याला प्रथम चारचाकीत बसविले, त्या मारुती ८०० चा हिशेब आज मांडावयाचा आहे.

१९८० च्या सुमारास आपल्या देशात मोटार म्हणजे मुख्यतः दोनच : उत्तरपाड्याची अँबेसिडर आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी. गाडीसाठी नाव नोंदवावयाचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. परवाना मोजक्यांच्या हाती असला म्हणजे गिऱ्हाईक याचक होतो.

फेब्रुवारी १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग ही कंपनी स्थापन केली. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. तिला २६ टक्के भाग मिळाला. गाडीचा मूळ नमुना सुझुकीच्या घरचाच होता. इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. पुढच्या चाकांना ओढ. मागे वर उघडणारे दार. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली इंडियन एअरलाइन्समधील एका नोकरदाराच्या हाती दिली. किंमत सुमारे ५०,००० रुपये. ही किल्ली पगारदार माणसाला मिळाली, यात त्या गाडीचे सारे भविष्य आले.

प्रारंभी बहुतेक सुटे भाग जपानहून येत. १९८५ नंतर येनचा भाव चढला, ते भाग महागले, आणि देशातच भाग घडविण्याची निकड वाढली. त्यातून लहानमोठे कितीतरी कारखाने उभे राहिले. जपान्यांनी आणखी एक गोष्ट आणली : अधिकारी आणि कामगार यांना एकच गणवेश, एकच उपाहारगृह. आमच्या गिरण्यांतून साहेबाच्या कपबशीलाही वेगळे फडताळ असे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गोष्टीचे मोल कळेल. पण त्याच गणवेशाबरोबर सेकंदावर मोजलेले कामही आले.

कुर्ल्यानेही स्पर्धेसाठी धडपड केली. १९८५ मध्ये निस्सानचे इंजिन बसवून ११८ एनई काढली. परंतु हलक्या, स्वस्त, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीपुढे जुना बाज टिकला नाही. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. गिऱ्हाइकाची सोय झाली, हे मी आनंदाने मान्य करतो. मात्र ज्या कामगारांच्या हातांनी ती पद्मिनी घडली, त्यांचे पुढे काय झाले, हे कोणत्याही जाहिरातीत छापले गेले नाही.

आता गुरगावकडे वळू. २००० च्या अखेरीस प्रोत्साहन-वेतनाच्या प्रश्नावर तेथील कामगारांचा लढा झाला. सद्वर्तनाच्या हमीपत्रावर सही करा, मगच आत या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. कंपनीच्याच मानेसरच्या कारखान्यात २०११ मध्ये स्वतंत्र युनियनसाठी संप झाले. १८ जुलै २०१२ रोजी तेथे हिंसा व जाळपोळ झाली आणि एका अधिकाऱ्याचा जीव गेला. कामगार-चळवळीला हे कृत्य कधीही शोभणारे नाही. तथापि २०१७ च्या निकालात ३१ जण दोषी ठरले आणि ११७ जण निर्दोष सुटले, हेही विसरता येत नाही. निर्दोष सुटलेल्यांची तुरुंगातील वर्षे कोणत्या हिशेबवहीत लिहावयाची?

एप्रिल २०१० मध्ये धुराचे नवे नियम आले आणि १३ शहरांतून ८०० ची विक्री थांबली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनच संपले. तोवर २५ लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या. धूर कमी व्हावा हे योग्यच. मोटारीलाही आयुष्य असते.

चिखली-मेहकरच्या रस्त्यावर एखादी जुनी ८०० दिसली, तर तिच्या मालकाची काटकसर आठवा, तिला चालती ठेवणाऱ्या मिस्त्रीचे कसब आठवा, आणि तिचे नट आवळणारा हातही आठवा. यंत्र जुने झाले की ते भंगारात जाते, आणि त्याबद्दल कोणी दुःख करू नये. माणसाला मात्र त्याच मापाने मोजू नये. कायम आणि कंत्राटी, एकाच रांगेत एकच काम करणाऱ्या दोघांना एकच दाम मिळावा, एवढी साधी गोष्ट जो समाज मान्य करील, त्यालाच स्वस्त मोटारीचा अभिमान शोभेल.