आवळण्याआधी बघा



संयोजकांनी सांगितलं, "अमेरिकेतल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोल." पण सॉफ्टवेअरवर दहा मिनिटं बोलले, तर जेवणाआधीच तुम्हाला झोप लागेल. त्यापेक्षा एका गळक्या नळाबद्दल सांगते.

तिकडे आरव्ही म्हणून चाकांवरचं घर मिळतं. झोपायची जागा, गॅस, सिंक, संडास, सगळं आत. आमच्याकडे गाडीमागे ओढायचा एक जुना ट्रेलर आहे. युटा राज्यात मोआबजवळ आमचा चार दिवसांचा मुक्काम होता. तिथे पाण्याची जोडणी नव्हती. टाकीतलं दीडशे लिटर पाणीच पुरवायचं होतं.

पहिल्याच रात्री पाण्याचा पंप दोन सेकंद घुर्र करून थांबला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. हा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि नळीतला दाब उतरला की आपोआप सुरू होतो. कुणीही नळ उघडलेला नसताना दाब उतरतोय, म्हणजे पाणी कुठून तरी जातंय. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा, चार लिटरांच्या वर जातं. पण पाण्यापेक्षा मोठी काळजी जमिनीची. ट्रेलरची जमीन लाकडी असते. ओल मुरली की ती आतून कुजते आणि पाय खचेपर्यंत वरून काही कळत नाही.

सिंकखाली टॉर्च मारला. नळीच्या वळणावर थेंब लोंबत होता. पण थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी नळीवरून ओघळत खाली येतं. आमच्या धंद्यातही असंच असतं. प्रोग्राम बंद पडतो एका ओळीत आणि चूक असते भलतीकडेच. म्हणून आधी सगळं कोरडं पुसलं, पंप चालू केला आणि कोरडा टिश्यू पेपर वरून खाली टेकवत आले. पहिला ओला डाग सापडला तो नळाच्या बुडाशी, प्लॅस्टिकच्या नटाजवळ.

आमचे हे म्हणाले, "पाना लाव आणि आवळ." शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा टेफ्लॉन टेपचं रीळ घेऊन आले. दोघांचाही सल्ला अनुभवाचाच, पण वेगळ्या जोडाचा. आपल्याकडच्या लोखंडी पाइपाचे आटे टोकाकडे निमुळते असतात. ते पाचरीसारखे एकमेकांत रुततात, उरलेली फट टेप भरते आणि पाणी थांबतं. आमच्या नळाखालचा अर्ध्या इंचाचा जोड, म्हणजे आपल्या प्लंबरच्या भाषेत चार सुती, सरळ आट्यांचा होता. तिथे आटे फक्त ओढून धरतात. पाणी अडवतो तो आतला शंकूच्या आकाराचा रबरी वॉशर. तिथे टेप गुंडाळून उपयोग नाही, आणि पान्यानं जोर केला तर नट तडकतो.

मग पंप बंद केला, नळ उघडून दाब घालवला, खाली भांडं ठेवलं आणि नट हातानं सोडवला. वॉशर कडक झाला होता आणि त्यावर एक चर पडली होती. दुसऱ्या दिवशी गावातून नवा आणला. नट हातानं बसेल तेवढा बसवला आणि वर पाव फेरा. बस्स. नळी मोकळी हिंदकळत होती, तिला क्लिप लावून भिंतीला धरली, कारण रस्त्यावरचे धक्के शेवटी त्या नटावरच येतात. पुन्हा टिश्यू फिरवला, कोरडा. त्या रात्री पंप गप्प होता.

मित्रांनो, यात मोठं इंजिनिअरिंग काहीच नाही. पाणी नेमकं कोण अडवतंय हे आधी समजून घ्यायचं आणि मगच हात घालायचा, एवढंच. पण ही नजर पुस्तकातून येत नाही, वस्तू हातानं उघडून बघितल्यावर येते. आठवतंय ना, आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलं सुतारकामाला जायची आणि आम्ही मुली शिवणकामाला. शिवण मला आजही उपयोगी पडतं, त्याबद्दल बाईंची मी ऋणी आहे. पण पाना पहिल्यांदा हातात धरला तो इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. ज्या मैत्रिणी इंजिनिअरिंगला गेल्या नाहीत, त्यांच्या हाती तो कुणी दिलाच नाही.

आज आपण शाळेसाठी निधी गोळा करतोय आणि यादीत सगळ्यात वर संगणक आहेत. मी संगणकावर पोट भरणारी आहे, तरी विनंती करते: त्यातला थोडा भाग हत्यारांसाठी ठेवूया. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, थोडे पाइप, दोनचार जुने नळ. आठवड्याला एक तास आणि मुलंमुली एकाच बाकावर. पहिल्या पेटीचा खर्च माझ्याकडे लागला. शिकवायला गावातल्या एखाद्या प्लंबरदादांना सन्मानानं बोलवा. त्यांच्याइतकं हे कुणालाच येत नाही.