पावलांचा प्रकाशलेख : स्वागताध्यक्षीय भाषण



दुसऱ्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांसाठी १९४४ साली ज्या पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले, आणि पाय गमावलेल्यांस पुन्हा चालते करण्याची विद्या ज्या पुण्याने जोपासली, त्याच पुण्यात, अंगावर वागवता येणाऱ्या प्रकाशतंतु-संवेदकांनी रुग्णाची चाल कशी मोजावी, याचा विचार करण्यास आपण जमला आहात, याचा स्वागतसमितीस मनःपूर्वक आनंद होत असून, तिच्या वतीने मी आपणा सर्वांचे हार्दिक स्वागत करतो.

निरोगी मनुष्य चालतो तेव्हा त्याचे प्रत्येक पाऊल आवर्तनाचा सुमारे ६० टक्के काळ भूमीवर आणि ४० टक्के काळ अधांतरी असते. पक्षाघाताने हे प्रमाण ढळले, गुडघा ताठरला आणि लुळ्या पायावर भार टाकण्यास रुग्ण कचरू लागला, की ही सारी कैफियत उपचारकाच्या नजरेस पडते ती रुग्णालयातील भेटीपुरतीच. कॅमेरे व भारमापक फलक यांनी सज्ज असलेल्या प्रयोगशाळा चाल बिनचूक मोजतात खऱ्या, परंतु घरचा उंबरठा, जिना आणि ओली फरशी त्यांच्या आवाक्याबाहेर राहतात.

ही उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य प्रकाशतंतूत आहे. कॅनडात १९७८ साली केनेथ हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचतंतूच्या गाभ्यात प्रकाशाच्याच योगाने जी जाळी घडवली, ती एक ठरावीक तरंगलांबी परावर्तित करते, आणि तंतू ताणला वा दाबला जाताच ती तरंगलांबी सरकते; म्हणूनच पोर्तुगालमधील आव्हेरो विद्यापीठाच्या संशोधकांना बुचाच्या सुखतळ्यात एकाच तंतूवर अनेक जाळ्या बसवून तळव्याच्या निरनिराळ्या भागांवरील भार वेगवेगळा वाचता आला. ब्राझीलमधील एस्पिरितो सांतो विद्यापीठात, काचेहून अधिक लवचिक अशा प्लास्टिकतंतूतून, तो वाकताना बदलणाऱ्या प्रकाशाच्या मापावरून, गुडघ्याचा कोन मोजला गेला. या तंतूंतून वीज वाहत नाही आणि विद्युतचुंबकीय व्यत्यय त्यांस बाधत नाही.

तथापि, तरंगलांबी वाचणारे यंत्र महाग असते, आणि उष्णतेनेही ती सरकत असल्यामुळे तापमानाचा हिशेब निराळा ठेवावा लागतो. तेव्हा माझी आग्रहाची विनंती अशी, की संशोधनाचे यश केवळ सूक्ष्मतेच्या आकड्यांवर मुक्रर न करता, सुखतळा दिवसभर वागवणाऱ्या रुग्णाची सोय, त्याच्या कुटुंबाची ऐपत, आणि तालुक्याच्या रुग्णालयातील उपचारकास उमगेल असा नोंदींचा तपशील, या तिहींची तजवीज आपण आरंभापासूनच करावी, आणि प्रत्येक बैठकीत अभियंत्यांनी उपचारकांचे म्हणणे प्रथम ऐकून घ्यावे.

आपल्या विचारविनिमयातून रुग्णांच्या प्रत्यक्ष उपयोगी पडेल असे कार्य निष्पन्न व्हावे, अशी सदिच्छा व्यक्त करून, अधिवेशनाचे कामकाज सुरू करण्याची मी अध्यक्षमहाशयांस विनंती करतो.